क्लेमवाले

वकिलाच्या नावाच्या पाटीवर काय लिहू नये, हे बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या ३६व्या नियमात सांगून ठेवलेलं आहे. पाटी बेताच्या आकाराची असावी. आपण बार काउन्सिलचे किंवा कुठल्याही संघटनेचे अध्यक्ष वा सभासद आहोत, असं तिच्यावर नसावं. अमुक प्रकारच्या कामात आपला हातखंडा आहे, असंही नसावं. माझ्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर अस्थिरोगतज्ज्ञ बसतात, त्यांच्या शेजारी दंतरोगतज्ज्ञ, आणि वर मी: नुसतं नाव आणि खाली ‘ॲडव्होकेट’. २००८ साली नियम थोडा सैल झाला आणि वेबसाइटवर नाव-पत्ता, शिक्षण, सनदेचा तपशील आणि कामाचं क्षेत्र एवढं टाकायची मुभा मिळाली. पाटी मात्र तशीच राहिली.

त्यामुळे मोटार आणि रेल्वे अपघातांचे दावे चालवणाऱ्या वकिलांच्या एका छोट्या संघटनेची वर्गणी मी भरून आले, तेव्हा नवऱ्याने सरळ विचारलं, “पाटीवर लावता येत नाही, लेटरहेडवर छापता येत नाही, मग पैसे कशाचे भरलेस?” हिशेबाच्या माणसाने विचारावा तसाच प्रश्न होता. मला धड उत्तर देता आलं नाही. पावती पर्समध्ये टाकली आणि कुकर लावला.

मुंबईत वकिलांच्या संघटनांना तोटा नाही. एकट्या उच्च न्यायालयात बॉम्बे बार असोसिएशन, ॲडव्होकेट्स असोसिएशन ऑफ वेस्टर्न इंडिया आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी अशा तीन. खालच्या कोर्टांत ज्याची त्याची वेगळी. या सगळ्या इमारतीवरून ठरतात. ज्या इमारतीत तुमचं रोजचं काम, तिथल्या बार रूममध्ये तुमची खुर्ची, कपाट, निवडणुकीतलं मत. आमचं तसं नाही. आम्हाला एकत्र आणलंय ते पक्षकारांच्या मोडलेल्या हाडांनी. कुणी ठाण्याला काम करतो, कुणी अलिबागला, कुणी फक्त रेल्वे क्लेम्समध्ये. एरवी आमची गाठ पडली असती ती कुणाच्या तरी रोजनाम्याची नक्कल काढायला लागलेल्या रांगेत.

बाकीचे वकील आम्हाला ‘क्लेमवाले’ म्हणतात. त्यात थोडी कुत्सित छटा आहे आणि ती अगदीच फुकाची आहे असं मी म्हणणार नाही. कॅज्युअल्टीच्या बाहेर वकीलपत्राचे कोरे फॉर्म घेऊन उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. आत माणूस व्हेंटिलेटरवर आणि बाहेर त्याच्या भावाकडून सही घेणं चाललंय. तोच ३६वा नियम दलालांमार्फत काम मिळवायलाही बंदी घालतो, पण दलाल काही नियम वाचून धंद्यात येत नाही. चांगल्या घरची, इंग्रजी बऱ्यापैकी असलेली ज्युनिअर पोरं म्हणूनच या कामाकडे वळत नाहीत. त्यांना कंपनी लॉ हवा असतो, आर्बिट्रेशन हवं असतं. मीही तीच स्वप्नं घेऊन आले होते आणि एका सिनिअरच्या चेंबरमध्ये जागा रिकामी होती म्हणून इथे रुजले.

ते सर या कामात आले ते वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनमधून, म्हणजे कामगारांना कामावर झालेल्या इजेच्या भरपाईतून. तेव्हा गिरण्या चालू होत्या. लालबाग-परळहून बोटं गमावलेली माणसं त्यांच्याकडे येत. १९२३च्या त्या कायद्याला एक परिशिष्ट होतं, त्यात शरीराच्या तुकड्यांचे भाव लिहिलेले होते: अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२. सरांना तो तक्ता तोंडपाठ होता. एखादा कामगार नुसता हात पुढे करायचा आणि सर आकडा सांगायचे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचं जे व्हायचं ते झालं, तसे सर हळूहळू मोटार अपघातांकडे सरकले. “तेव्हा माणसं यंत्रात सापडायची, आता रस्त्यावर सापडतात,” एवढंच म्हणायचे.

अमेरिकेतली या वकिलांची मोठी संघटना याच मुळातून उगवली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. १९४६ साली तिथल्या काही वकिलांनी, जे जखमी कामगारांच्या भरपाईची कामं करत, एकत्र येऊन संघटना काढली. नंतर तिच्यात सगळ्याच प्रकारच्या इजांचे दावे चालवणारे आले, नाव बदलत गेलं, आणि २००६पासून ती ‘अमेरिकन असोसिएशन फॉर जस्टिस’ झाली. इंग्लंडमध्ये ‘असोसिएशन ऑफ पर्सनल इंज्युरी लॉयर्स’ १९९०ची. सरांना हे सगळं माहीत होतं आणि तरी ते स्वतः कुठल्याच संघटनेत गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, वकिलांनी एकत्र येऊन चहा प्यावा, त्याहून जास्त काही करू नये.

मला मात्र एक गोष्ट बरीच वर्षं खुपत होती. अपघाताच्या दाव्यात समोर विमा कंपनी असते. तिच्याकडे रोज अपघातच येतात. कुठला डॉक्टर उलटतपासणीत डगमगतो, कुठल्या ट्रिब्युनलला, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला, पगाराचा कोणता पुरावा पुरतो, कुठल्या मुद्द्यावर तडजोडीचा आकडा वाढतो, हे कंपनीच्या फायलींत साठत जातं. अधिकारी बदलतो, पॅनेलवरचा वकील बदलतो, फायली राहतात. आणि अर्जदार कोण, तर आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटच्यांदा कोर्टाची पायरी चढलेली एखादी बाई. तिच्या नवऱ्याआधी शेकडो नवरे असेच गेले, त्यांच्या बायकांनी हेच प्रश्न विचारले, पण त्या शेकडो जणींचं शहाणपण तिच्यापर्यंत पोचायला वाट कुठली? वाट म्हणजे आम्ही. आणि आम्ही प्रत्येक जण आपापलं कपाट कुलूप लावून बसलेलो. कुणाला काही विचारलं तर उत्तर मिळे, पण जाऊबाईला पाककृती सांगताना एक जिन्नस गाळावा तसं.

संघटनेत शनिवारी दुपारी आम्ही बसतो ते मुख्यतः आकडेमोडीसाठी. बाहेरच्याला वाटतं, माणूस गेला तर ‘एवढे लाख’ असं कोर्ट मनाला येईल ते ठरवतं. तसं नाही. सरला वर्मा खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने वयाप्रमाणे गुणकांचा, म्हणजे वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं याचा, तक्ता घालून दिला आणि २०१७च्या प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी भविष्यातल्या वाढीव कमाईचे टक्के ठरवले. एक उदाहरण घेऊ. मंडईत भाजीचा गाळा लावणारा ३२ वर्षांचा माणूस, घरात बायको, दोन मुलं, आई. महिना १५,००० कमावत होता असं सिद्ध झालं. स्वतःचा धंदा आणि चाळिशीच्या आत, म्हणून ४० टक्के वाढ: २१,०००. वर्षाचे २,५२,०००. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: १,८९,०००. वयाचा गुणक १६. झाले ३०,२४,०००. शिवाय अंत्यविधी, मालमत्तेचं नुकसान, सहवासाचं नुकसान यांच्या ठरलेल्या रकमा.

आता हेच १५,००० सिद्ध झाले नाहीत आणि ट्रिब्युनलने १०,००० धरले, तर येतात २०,१६,०००. महिन्याच्या पाच हजारांचा पुरावा म्हणजे त्या घराचे दहा लाख. आणि मुंबईत भाजीवाल्याकडे, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराकडे, कोळणीकडे पगाराची चिठ्ठी कुठून असणार?

या एका प्रश्नावर आमची सगळ्यात चांगली दुपार गेली. वसईहून येणारे एक जण म्हणाले, मी वाशीच्या एपीएमसीतल्या खरेदीच्या पावत्या शोधायला लावतो. माल किती घेत होता ते कळलं की विक्रीचा अंदाज बांधता येतो. दुसरीने सांगितलं, गाळ्यावर लावलेल्या क्यूआर कोडचं बँक स्टेटमेंट काढा, वीस-वीस रुपयांच्या नोंदींची पानंच्या पानं निघतात आणि त्यावर उलटतपासणी करायला काही उरत नाही. कुणी भिशीच्या वहीचं सुचवलं. भिशी चालवणारी बाई साक्षीला आली, तिने वही उघडली आणि हा माणूस दर महिन्याला तीन हजार न चुकता भरत होता एवढंच सांगितलं, तर उत्पन्न दहाच हजार होतं हे म्हणणं समोरच्याला जड जातं. इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण भिशीची वही मला सुचली नव्हती. मी ते तिथेच पावतीच्या मागे लिहून घेतलं.

गृहिणींच्या बाबतीत तर वाद पेटतो. कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरायचं, असं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१पासून अनेकदा घरकामाला मोल आहे हे बजावलं, २०२१च्या कीर्ती खटल्यात तर सविस्तर. पण अर्जात ‘मयत गृहिणी होती’ हे तीन शब्द लिहून पुढे गेलं, तर ट्रिब्युनलही तीन शब्दांचेच पैसे देणार. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई अर्जासोबत मयत स्त्रीचा दिवस लिहून काढतात: पाणी किती वाजता यायचं, डबे किती जणांचे, सासऱ्यांची डायलिसिसची पाळी कोण सांभाळायचं. एका पुरुष सभासदाला हे नाटकी वाटलं आणि त्याने तसं बोलून दाखवलं. बाईंनी त्याला त्याच्या घरचे डबे कोण भरतं ते विचारलं. त्यानंतर चहा आला.

जखमींच्या दाव्यांत खरं भांडण टक्क्यांचं असतं. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के अपंगत्व लिहिलेलं असतं, पण ते पायाचं की सगळ्या शरीराचं, हे लिहिलेलं नसतं. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१०च्या निकालाने सांगितलं की शरीर किती निकामी झालं हा एक प्रश्न, आणि त्यामुळे त्या माणसाची कमाई किती गेली हा वेगळा. झवेरी बाजारातल्या कारागिराच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडली तर त्याचा धंदाच संपला. माझी आखडली तर मी डिक्टेशन देईन. सरांच्या त्या जुन्या तक्त्यात हा फरक भागत नव्हता. हे सिद्ध करायला डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं, आणि ओपीडी सोडून कोर्टात येऊन बसायला कुठला डॉक्टर राजी असतो? कोण येतात, कोणाला आधी फोन करून वेळ पक्की करावी लागते, ही यादी आता आमच्यात एकमेकांना मिळते. हे गाळलेले जिन्नस.

रेल्वेचं गणित उलटं आहे. तिथे रक्कम ठरलेली. लोकलमधून पडून माणूस गेला तर आठ लाख, जानेवारी २०१७पासून. त्याआधी चार होते. चूक कुणाची हे रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमाखाली विचारायचंच नाही. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, नैसर्गिक आजार एवढे अपवाद. वाचायला फार सोपं. प्रत्यक्षात सगळी लढाई दोन गोष्टींवर: तो पडला की रूळ ओलांडत होता, आणि त्याच्याकडे तिकीट होतं का. २०२५च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ लोकलमधून माणसं पडली तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवलं. एकटा पडणारा माणूस कुणी दाखवत नाही. त्याचा असतो फक्त स्टेशन मास्तरचा मेमो, आणि त्यात पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलेला एखादा शब्द.

माझ्याकडे दिवा स्टेशनच्या पुढे राहणाऱ्या एका घराचं असंच प्रकरण होतं. मुलगा कामावरून रात्री परतताना पडला. पास मोबाईलमध्ये, आणि मोबाईल सापडलाच नाही. कागदपत्रांत ‘ट्रेसपास’चा, म्हणजे तो रूळ ओलांडत होता असा, सूर. त्याची आई दर तारखेला यायची आणि एकच विचारायची, “बाई, तिकीट सापडलं का?” रीना देवी खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं होत नाही, अर्जदाराने प्रतिज्ञापत्र दिलं की उलट सिद्ध करायचा भार रेल्वेवर जातो. ते मला माहीत होतं. पण शनिवारी हे प्रकरण मांडलं तेव्हा रेल्वेचंच काम करणाऱ्या एकाने दोन गोष्टी विचारल्या. मोबाईल नंबरवरून पासची नोंद रेल्वेकडे मागितलीस का? आणि मेमोतला किलोमीटरचा आकडा नकाशावर पाहिलास का? तो खांब दोन स्टेशनांच्या मधोमध, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला वस्ती नाही, फाटक नाही. तिथे रात्री नऊ वाजता माणूस रूळ ओलांडून जाणार कुठे? युक्तिवाद माझा झाला, पण तो मुद्दा त्याचा होता. अर्ज मंजूर झाला. आईने विचारलं, “म्हणजे तिकीट सापडलं?” मी हो म्हणाले.

एकट्या वकिलाला जे करता येत नाही ते संघटनेला करता येतं, हे आम्हाला मुदतीच्या निमित्ताने उमगलं. १९९४च्या दुरुस्तीने मोटार अपघाताच्या दाव्यांची मुदत काढून टाकली होती, त्यामुळे आधी तेराव्याचं बघू, मग गावचं, मग क्लेमचं, अशी लोकांची सवय पडलेली. २०१९च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२पासून ती लागू झाली. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल ट्रिब्युनलला पाठवायचा आणि त्यालाच अर्ज समजायचं, अशीही सोय आहे. तिच्या भरवशावर मी माझ्या एकाही पक्षकाराला बसू देणार नाही. सहा महिने उलटून आलेली माणसं दिसू लागली तेव्हा कुणीतरी म्हणालं, लोकांना सांगायला हवं. पण सांगायचं कसं? मी माझ्या नावाने पत्रक वाटलं तर ती जाहिरात.

मग मराठीत एक पानाचं पत्रक केलं. अपघातानंतर कुठले कागद जपून ठेवायचे, मुदत किती, गाडी पळून गेली तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळायची तरतूद आहे, कोऱ्या कागदावर कुणालाही सही देऊ नका. केईएम, सायन, राजावाडी अशा हॉस्पिटलांतल्या समाजसेवकांपर्यंत ते पोचवायचं असं ठरलं. खाली संघटनेचा फोन नंबर छापायचा की नाही यावर पत्रक लिहिण्याहून जास्त वेळ गेला. नंबर नसेल तर लोक विचारणार कुणाला, हे बरोबर. नंबर असेल तर फोन कोण उचलणार आणि आलेलं काम कुणाकडे जाणार, हेही बरोबर. नंबर छापला नाही. मला तो निर्णय पटला. निम्म्यांना पटलेला नाही.

विमा कंपन्यांच्या पॅनेलवरच्या वकिलांना सभासद करावं का, हाही जुना वाद. मी घ्यावं या बाजूची. इथलं काम इतकं लहान आहे की आज समोर असलेला उद्या आपल्या बाजूला असतो, आणि तडजोड किती आकड्याला होते हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. अट एकच ठेवली: ज्या प्रकरणात तुम्ही हजर आहात ते निघालं की बाहेर जाऊन बसायचं. आजवर लोक जाऊन बसतात.

एका विषयावर मात्र सगळे गप्प असतात. अमेरिकेत या कामाचा वकील निकालावर फी ठेवतो, हरलास तर शून्य, जिंकलास तर हिस्सा, बऱ्याचदा एक तृतीयांश. आपल्याकडे बार काउन्सिलचा २०वा नियम त्याला मनाई करतो. मिळालेल्या रकमेत वाटा ठरवायचा नाही. आणि तरी या शहरात कुठल्याही क्लेमवाल्याच्या पक्षकाराला विचारा, तो टक्क्यात बोलेल. बंदी चुकीची आहे असं मला पूर्णपणे वाटत नाही. पण नवरा गेलेल्या बाईकडे आगाऊ फी द्यायला पैसे नसतात, वकिलाला तीन-चार वर्षं खिशातून खर्च करावा लागतो, हेही खरं आहे. नियम आणि व्यवहार यांच्या फटीत जे घडतं त्याची लेखी नोंद कुठेच नसते, आणि नोंद नसली की त्या फटीत बाईचाच हात सापडतो. भरपाई आता थेट खात्यात जमा होते, मुलांचा हिस्सा मुदतठेवीत राहतो, त्यामुळे थोडा चाप बसलाय. थोडाच.

गेल्या सभेत मी ठराव मांडला: प्रत्येक सभासदाने वकीलपत्र घेतानाच फीची ठरलेली रक्कम मराठीत लिहून, सही करून पक्षकाराला द्यावी. आकडा, टक्का नव्हे. एकाने विचारलं की हे आयकरवाल्यांनी मागितलं तर काय. दुसऱ्याने घड्याळ पाहिलं. सर त्या दिवशी पाहुणे म्हणून आले होते. ते काहीच बोलले नाहीत, फक्त मसुदा चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचला आणि एक स्वल्पविराम दुरुस्त करून परत दिला. ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. मी तो पुन्हा मांडणार आहे, अनुमोदक अजून मिळायचा आहे.